काठ नसलेल्या पाण्याची ओटी

"बाईसाहेब, पाय मागं घेऊ नका. हितली रीत हाय म्हनं," हौसा माझ्या कानाशी लागून म्हणाली. मी खाली पाहिले, तर एक परकी मुलगी गुडघ्यांवर बसून पितळी परातीत माझी पावले धूत होती.

परातीत वाळ्याचे पाणी होते आणि त्यावर गुलाबाच्या पाकळ्या तरंगत होत्या. दारी आलेल्याच्या पायांवर पाणी घालण्याची रीत आमच्या घरी माझ्या सासूबाईंच्या वेळेपर्यंत होती. पुढे नळ आले आणि पाहुणे आपले आपण पाय धुऊ लागले. ती रीत मला पुन्हा दिसावी ती कोकणातल्या एका हॉटेलच्या दारात, याचे मला नवल वाटले. मी पाय मागे घेतले नाहीत.

दार म्हटले खरे, पण त्या हॉटेलला दार असे नव्हतेच. देवळाच्या सभामंडपासारखे उंच छप्पर, काळसर लाकडाचे खांब, आणि समोर जिथे भिंत असायला हवी तिथे नुसते आभाळ. एवढी मोठी वास्तू, पण कुठे कुणाचा आवाज नव्हता. माणसे वावरत होती ती देवघरात वावरावी तशी.

मी तिथे राहायला गेले नव्हते. नातीला परत आणायला गेले होते.

वैजयंता ही माझ्या थोरल्या चिरंजिवांची मुलगी. माझ्या सासूबाईंचे नाव तिला मीच ठेवले. हॉटेलचे शिक्षण घ्यायला ती पुण्याला गेली ती माझ्या परवानगीने. शिक्षण संपल्यावर या हॉटेलातल्या स्पाची व्यवस्था पाहण्याची नोकरी तिने धरली, ती मात्र मला न विचारता. मी कुलदेवीच्या दर्शनाला गेले असताना तिने घर सोडले. माझ्या पाया न पडता, देवापुढे साखर न ठेवता. स्पा म्हणजे काय, असे आमच्या यांनी विचारले तेव्हा मी सांगितले होते, की परक्यांच्या अंगाला तेल लावण्याचा कारखाना. आमच्या इंगवले घराण्यातल्या मुलीने ते करावे हे माझ्या घशाखाली उतरत नव्हते.

मध्यंतरी फलटणकडचे एक स्थळ आले. घराणे तोलामोलाचे, मुलगा शिकलेला. मी शब्द दिला. सुपारी फोडायचा दिवस ठरला आणि मी वैजयंताला फोन केला. तिने वाद घातला नाही. ती इतकेच म्हणाली, "आईसाहेब, तुम्ही स्वतः या. एक मुक्काम माझ्या पाहुण्या म्हणून करा. त्यानंतर तुम्ही 'चल' म्हणालात, तर मी नेसत्या कपड्यांनिशी गाडीत बसेन. कारण विचारणार नाही."

माझ्यापुढे अट घालण्याची छाती आमच्या घरात तोवर कुणाची झाली नव्हती. पण त्या अटीत नाकारण्यासारखे काही मला सापडेना. येताना वैजयंता माझ्या शेजारी बसलेली असेल, असे घरी सांगून मी निघाले.

पाय पुसून होतात तोच ती समोर आली. फिकट हिरव्या रंगाचा लांब अंगरखा, केस घट्ट बांधलेले, कानात मोत्यांच्या कुड्या. त्या कुड्या मी दिलेल्या. ती वाकली आणि माझ्या ओल्या पावलांवर तिने डोके ठेवले.

"प्रवासात त्रास नाही ना झाला, आईसाहेब?"

"नाही. तुम्ही बऱ्या आहात ना?"

मी रागावले की घरच्या माणसांना 'तुम्ही' म्हणते, हे आमच्याकडे पाळण्यातल्या मुलालाही ठाऊक असते. तिने मान खाली घातली. पण तिचा चेहरा पडला नाही, हे मी पाहून ठेवले.

आम्हांला दिलेल्या खोलीत पडदे लावलेले होते. अंधूक उजेडात मी पलंगावर टेकले. पलंग इतका मऊ, की बसले ते अजून खाली चाललेच आहे असे वाटावे. हौसा माझ्या लग्नात माझ्याबरोबर आली ती आजतागायत माझ्याजवळ आहे, आणि दिसेल त्या वस्तूला हात लावल्याखेरीज तिला चैन पडत नाही. दिवा लावावा म्हणून तिने भिंतीवरचे एक बटण दाबले. दिवा लागला नाही. भिंतभर पसरलेला पडदा मात्र आपोआप, जराही आवाज न करता, दोन्हीकडे सरू लागला.

पडद्यामागे समुद्र होता.

मी कृष्णाकाठची. पाणी पाहिले नाही असे नाही. पुराची कृष्णा देवळाच्या पायऱ्या चढून येताना मी पाहिली आहे. पण त्या पाण्याला पलीकडचा काठ असे. तिथे झाडे दिसत, गुरे दिसत, कुणी हाक मारली तर ओ ऐकू येई. इथे पलीकडे काहीच नव्हते. डोळे जातील तिथवर पाणी, आणि डोळे थकले की त्यापुढे आणखी पाणी. दुपारच्या उन्हात ते सगळे हलत होते, चमकत होते, आणि त्याला आमची काही दखल नव्हती. मी उठून उभी राहिले. अशा कुणापुढे बसून राहणे बरे नव्हे, एवढेच त्या वेळी कळले.

हौसाने हात जोडले. "बाईसाहेब," ती हळूच म्हणाली, "एवढं पानी दिवसभर करतं तरी काय वो?"

मी पिशवी जवळ ओढली.

पिशवीत ओटीचे सामान घरून आणलेले होते. नव्या नदीचे प्रथम दर्शन झाले की तिची ओटी भरायची, हा आमच्या घरचा शिरस्ता, आणि समुद्र तर सगळ्या नद्यांचे घर. परंतु प्रवासाच्या धुळीने मी पारोशी झाले होते. ओटी सकाळी स्नान करून भरायची, असे मी ठरवले.

संध्याकाळी वैजयंताने आपले काम दाखवायला नेले. तिथल्या एका मुलीने मला लुगडे बदलून मऊ पंच्याचा झगा घालायला सुचवले, तेव्हा मी तिला सांगितले की मी पाहुणी आहे, रुग्ण नव्हे. वैजयंताने तिला नजरेने मागे सारले. आत तांब्याच्या घागरी मांडलेल्या होत्या, वेखंडाचा वास दरवळत होता, समया तेवत होत्या. एका खोलीत अर्धवट लावलेल्या पडद्याआड एक गोरी, वयस्क बाई झोपलेली दिसली. तोंड थोडे उघडे, मूठ गालाशी. तान्ही मुले झोपतात तशी.

"झोपायला इतक्या लांबून येतात?" मी विचारले.

"घरी झोप येत नाही म्हणून येतात, आईसाहेब."

"आणि तुम्ही त्यांना तेल लावता."

"मी लावत नाही. लावणाऱ्या सगळ्यांना मी बघते. पण शिकताना लावले आहे. दिवाळीत तुम्ही सगळ्या घराला लावता, ते बघूनच शिकले."

परत जाताना काय म्हणायचे ते माझे ठरलेले होते, आणि ठरलेली गोष्ट गोड बोलण्याने हलू द्यायची सवय मला नाही.

सकाळी उजाडायच्या आधी स्नान करून मी खाली उतरले. चष्मा न्हाणीघरातच राहिला. पण ओटी भरायला चष्मा कशाला हवा. मागे हौसा तबक घेऊन चालत होती: खण, नारळ, तांदूळ, हळदकुंकू, हळकुंड, सुपारी, हिरव्या बांगड्या. वैजयंताला सांगावे असे मनातही आले नाही. पाण्याची ओटी भरायला मी जन्मात कुणाची परवानगी मागितलेली नव्हती.

बागेतली फरशीची वाट जिथे संपली तिथे पाणी सुरू झाले. दगडी पायऱ्या पाण्यात उतरत गेल्या होत्या, अगदी आमच्या घाटासारख्या. पलीकडे काठ नव्हता. पाणी आणि आभाळ एकाच राखाडी रंगाचे, कुठे एक संपते आणि कुठे दुसरे सुरू होते ते कळू नये असे, आणि कुठून तरी खोलवरून घनगंभीर गाज येत होती. एवढा मोठा समुद्र, पण माझ्या पायांशी मात्र शांत उभा. माझ्या अंगावर काटा आला. मी पदर डोक्यावरून नीट घेतला, पहिल्या पायरीवर उतरले, हळदकुंकू वाहिले, ओंजळीने तांदूळ घातले, खणात बांगड्या गुंडाळून तो पाण्यावर ठेवला आणि नारळ सोडला. नारळ डुलत डुलत आभाळाच्या दिशेने निघाला. मी हात जोडले आणि जे मागायचे ते मागितले: पोर घरी येऊ दे.

हौसाने तीर्थ म्हणून ओंजळ तोंडाला लावली आणि ती तशीच उभी राहिली.

"बाईसाहेब, समिंदर खारा आसतो म्हनत्यात न्हवं?"

"असतो."

"ह्यो खारट न्हाई." तिने आणखी एक घोट घेतला आणि विचार केला. "मोठं हाटेल हाय. गाळून घेत आसतील."

मी तिला गप्प बस म्हणणार, तेवढ्यात नारळ थांबला. आभाळाच्या ऐन कडेशी, जणू कुणी पाणी तिथे कापून ठेवले असावे, तसा तो अडून राहिला. आणि मागून धावत येणाऱ्या पावलांचा आवाज आला.

तो पोहण्याचा तलाव होता. समुद्रावरच्या कड्यावर तो अशा कौशल्याने बांधलेला, की त्याची पलीकडची कड दिसू नये आणि त्याचे पाणी समुद्राच्या पाण्यात मिसळलेले भासावे. हे मला त्या गोंधळातून हळूहळू उमगले. पहारेकऱ्याने कुणाला तरी बोलावले, त्याने आणखी कुणाला. पोहायला आलेली दोन पाहुणे मंडळी पंचे गुंडाळून काठावर खोळंबली. तोवर चांगले उजाडले होते आणि पायऱ्यांभोवती पाणी कुंकवाने लाल दिसत होते. इतक्यात हॉटेलचे व्यवस्थापक सरदेसाई आले. चाळिशीचे, गोरे, सुटाबुटातले गृहस्थ. माझ्याशी ते अदबीने वागले. पण त्यांच्या मागोमाग वैजयंता आली, तेव्हा त्यांनी तिला बाजूलाही नेले नाही.

"मॅडम, आज संध्याकाळी याच पूलवर कार्यक्रम आहे. पाण्यात तांदूळ आहेत, कुंकू आहे, काच आहे. पूल बंद ठेवावा लागणार. तुमच्या शब्दावर यांना इथे उतरवलं होतं. वर मी काय सांगू?"

"माझं नाव सांगा," वैजयंता म्हणाली.

"सांगावंच लागेल. आणि ते काय म्हणतील ते तुम्हांला ठाऊक आहे. तुमची जागा राहील असं मी आता कुठल्या तोंडाने म्हणू? कोण या तुमच्या?"

मी ऐकत होते. नुसती गप्प उभी राहिले असते तरी माझे काम आपोआप होत होते. तिची नोकरी तिथेच सुटली असती आणि मला 'चल' म्हणायचेही कारण उरले नसते. पाण्याजवळ मागितलेले पाण्याने लगोलग दिले होते.

"माझ्या आजी," ती म्हणाली. "आमच्याकडे पाण्याची ओटी भरतात. त्यांनी या पाण्याची भरली. सर, तुम्ही बूट घालून उभे आहात. आधी ते काढा."

ती आवाज चढवून बोलली नाही. उलट आवाज खाली आला. सरदेसायांनी आपल्या पायांकडे पाहिले, लाल पाण्याकडे पाहिले, आणि तो एवढा सुटातला माणूस एका पायावर तोल सावरत बूट काढू लागला.

मग तिने स्वतःच्या चपला काढून बाजूला ठेवल्या, वाकून पायरीला हात लावून तो कपाळाला लावला, आणि त्या फिकट हिरव्या अंगरख्यानिशी ती पाण्यात उतरली. आधी गुडघ्यापर्यंत, मग कमरेपर्यंत, मग छातीपर्यंत. आभाळाच्या कडेपर्यंत ती चालत गेली. तिच्यापुढे नुसता समुद्र होता आणि ती त्यातच चालली आहे असे दिसत होते. मी आयुष्यात पुष्कळ थाट पाहिले, मिरवणुका पाहिल्या. तसे चालणे मी पाहिले नाही. तिने नारळ घेतला, वाटेत खण उचलला, आतल्या बांगड्या एकेक चाचपून पाहिल्या आणि तिथूनच म्हणाली, "एकही फुटलेली नाही."

पाण्यात उभ्या उभ्याच तिने पुढची व्यवस्था लावली. तलाव रिकामा करायचा. पाणी गटारात जाऊ द्यायचे नाही, माडांना सोडायचे. खोळंबलेल्या पाहुण्यांना खाली किनाऱ्यावर न्यायचे, कोकम सरबत द्यायचे, आणि कुणी विचारले तर आज पाण्याची पूजा झाली असे सांगायचे. संध्याकाळचा कार्यक्रम माडांच्या बनात, समयांच्या उजेडात. एकेकाला नावाने हाक मारून, एक काम एकदाच सांगून ती दुसऱ्याकडे वळत होती. कुणी दुसऱ्यांदा विचारले नाही. माणसे निघत होती आणि त्यांच्या चेहऱ्यावर घाई होती, भीती नव्हती.

तो आवाज मी ओळखला. सासूबाई ओसरीवर बसून बोलत आणि गोठ्यापर्यंत माणूस हलत असे. त्यांचाच तो आवाज. तो मी त्यांच्याकडून उचलला. माझ्या मुलांमध्ये तो उतरला नाही, सुनांमध्ये आला नाही, आणि माझ्यामागे त्याचे काय होणार याची खंत मी कुणाला कधी बोलून दाखवली नव्हती.

"बाईसाहेब," हौसा पुटपुटली, "ह्ये तर तुमीच हाय की वो, पान्यातल्या."

ओल्या कपड्यांतच वैजयंताने मला कड्याच्या कडेने पायवाटेने खाली नेले. हौसाने रिकामे तबक घेतले होते. वाळू लागली, मग ओली वाळू, आणि मग ती थांबली.

"आईसाहेब, हा समुद्र."

तो शांत नव्हता. माणसाच्या उंचीच्या लाटा उठत होत्या, फुटत होत्या, मागे जाऊन पुन्हा येत होत्या, आणि वरच्या खोलीत ऐकू न येणारा त्याचा आवाज इथे छातीत वाजत होता. एक लाट सरपटत आली, माझ्या पावलांवरून गेली आणि परतताना पायांखालची वाळू ओढून घेऊन गेली. मला आधार घ्यावा लागला. मी वैजयंताचा दंड धरला. तो घट्ट होता.

"आणि वरचे ते?"

"ते माणसांनी केलेलं."

"असू दे. पाणी ते पाणी."

हौसाने वाकून चव पाहिली, तोंड वाकडे केले आणि समाधानाने म्हणाली, "ह्यो खरा."

वैजयंताने नारळ आणि खण माझ्यापुढे धरले. "इथे पुन्हा भरायची ना ओटी?"

"एकदा वाहिलेली ओटी दुसरीकडे वाहत नाहीत. पाण्याने ती परत दिली. आता तो प्रसाद. तो बाईच्याच पदरात जायचा."

वाऱ्याने तिचे ओठ निळे पडले होते. पण ती सरळ उभी होती आणि माझ्याकडे पाहत होती. मुक्काम संपला होता. 'चल' म्हणायची वेळ होती, हे तिला ठाऊक होते आणि मलाही.

मी नारळ आणि खण तिच्याकडून घेतले.

"ओचा पुढे कर," मी म्हणाले.

तिला कळले नाही. पदर नव्हताच, मी तिच्या अंगरख्याचे ओले टोक तिच्या दोन्ही हातांत दिले आणि ते पुढे ताणायला लावले. हौसाने चमकून माझ्याकडे पाहिले.

"बाईसाहेब, लगीन न झाल्याल्या पोरीची वटी भरत्यात व्हय?"

"घर सोडून निघालेल्या मुलीची भरतात. ही निघाली तेव्हा राहून गेली होती."

"अवो, पन सासर कुटाय हिचं?"

मी हाताने वर दाखवले. कड्यावरचे ते उंच छप्पर उन्हात उजळले होते.

तबकाच्या तळाशी चिमूटभर कुंकू उरले होते. ते मी तिच्या कपाळाला लावले. खण घातला, बांगड्या घातल्या, नारळ घातला. तांदूळ उरले नव्हते, म्हणून ओंजळभर वाळू घेतली आणि तीच घातली. शिरस्त्यात ते बसत नाही. परंतु शिरस्ता सांगणारी तिथे मीच होते. मी वैजयंताला ओचा नीट धरायला सांगितले. सांडता कामा नये, एवढेच म्हणाले. तिने वाकून नमस्कार केला, तोवर पुढची लाट येऊन आम्हा दोघींचे पाय एकदमच भिजवून गेली.

निघताना सरदेसाई गाडीपाशी आले. झालेल्या प्रकाराबद्दल त्यांनीच दोन शब्द दिलगिरीचे काढले. मी त्यांना सांगितले, की ओटी मी वाहिली, तेव्हा वर सांगायचे असेल तर माझे नाव सांगा, आणि खुलासा हवा असेल त्याला माझ्याकडे पाठवा. मग मी म्हणाले, "मुलगी तुमच्या घरी दिली आहे. तिचे काही चुकले तर मला कळवा. तिच्यावर आवाज चढवायचा नाही."

"इथे आवाज त्यांचाच चालतो, आईसाहेब," सरदेसाई म्हणाले, आणि त्यांनी हात जोडले. पायांत त्यांच्या अजूनही बूट नव्हते.

फलटणच्या मंडळींना मीच फोन केला. शब्द मी दिला होता, मीच परत घेतला. आमच्या घरात तो अधिकार दुसऱ्या कुणाला नव्हता. ते दुखावले, पुढे बरीच वर्षे आमच्या कार्यांना आले नाहीत. त्याला माझा इलाज नव्हता.

त्या दिवशी संध्याकाळी गाडी आमच्या दारात थांबली, तेव्हा आमचे हे ओसरीवर उभे होते. मी उतरले. दुसऱ्या दाराने हौसा उतरली, समुद्राच्या पाण्याची बाटली छातीशी धरून. यांनी वाकून गाडीत पाहिले. माझ्या शेजारची जागा रिकामी होती.

"पोरगी कुठे?" यांनी विचारले.

"दिली," मी म्हणाले, आणि पाय धुवायला पाणी मागितले.